कार इन्शुरन्स रिव्ह्यू: अपघात दुसऱ्याच गाडीचा, क्लेम आमच्या नावावर (५ पैकी २ स्टार)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. प्रकरण कोर्टातलं होतं आणि त्यात एक खरंच जखमी झालेला माणूस आहे, उगाच कुणी शोधत बसायला नको. मोठी प्रायव्हेट कंपनी आहे, टीव्हीवर जाहिरात असते, ॲप छान आहे, पॉलिसी पाच मिनिटांत निघते, एवढं पुरे. दोन स्टार देतेय त्यातला एक टीपी डिपार्टमेंटच्या (टीपी म्हणजे थर्ड पार्टी, आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं असे दावे बघणारं) एका मॅडमना आणि एक ब्रँचमधल्या माणसाला. हेल्पलाइन आणि ॲपला शून्य द्यायची सोय असती तर शून्य दिले असते.

गाडी वॅगनआर, १२०० सीसीची, ग्रे कलर, माझ्या नावावर, पुणे आरटीओची म्हणजे एमएच १२. घेतल्यापासून एकदाही क्लेम नाही त्यामुळे एनसीबी पूर्ण ५० टक्क्यांवर गेलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षी क्लेम नाही केला तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ करत पाचव्या वर्षी ५०, आणि तो फक्त ओडी म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो प्रीमियम असतो त्यावर मिळतो. थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर नाही मिळत, तो रेट सरकार ठरवतं, आमच्या सीसीच्या गटाला जून २०२२ ला ३,४१६ रुपये ठरला. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर झालं असं की एक दिवस पोस्टमन काका रजिस्टर एडी घेऊन आले. उघडून बघते तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. अर्जदार एक टू व्हीलरवाला, सोलापूर हायवेवर इंदापूरच्या अलीकडे कारने मागून धडक दिली, पायाचं फ्रॅक्चर, ऑपरेशन, रॉड, नुकसानभरपाई काही लाख रुपये अधिक व्याज. सामनेवाला नंबर एक मी, नंबर दोन माझी इन्शुरन्स कंपनी. गाडीचा नंबर माझाच, नाव पत्ता माझाच. घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या अगं पण तू सोलापूरला गेलीसच कधी.

मी तारीख बघितली, डायरी काढली, त्या तारखेला गाडी क्लचच्या कामासाठी सर्व्हिस सेंटरला होती, आदल्या दिवशी सोडलेली आणि दुसऱ्या दिवशी घेतलेली. म्हणजे गाडी रस्त्यावरच नव्हती. म्हणलं चला सोपं आहे, कंपनीला फोन करू, जॉब कार्ड (सर्व्हिस सेंटरची कामाची नोंद) पाठवू, संपलं.

संपलं कुठलं. हेल्पलाइनला मेनू असा की पॉलिसी घ्यायची तर एक, रिन्यूअलला दोन, अपघात कळवायला तीन. "माझ्यावर चुकीचा दावा लागलाय" याला बटणच नाही, म्हणून तीन दाबलं. पलीकडचा मुलगा हिंदीत, "मॅम, गाडी में क्या डॅमेज है?" मी म्हणलं काही डॅमेज नाहीये, अपघात झालाच नाहीये. "ओके मॅम, तो अभी गाडी कौन से गॅरेज में है?" मी म्हणलं पार्किंगमध्ये आहे. "गाडी सर चला रहे थे?" कुठले सर, गाडी माझी आहे रे बाबा. शेवटी तो म्हणाला मॅम मी रजिस्टर करून घेतो, टीम कॉल करेल. थोड्या वेळात मेसेज आला, युअर क्लेम हॅज बीन रजिस्टर्ड, क्लेम नंबर अमुक, आणि अपघाताची तारीख म्हणून त्याने नोटिशीतली तारीख टाकलेली. संध्याकाळी सर्व्हेअरचा, म्हणजे गाडीचं नुकसान तपासणाऱ्याचा फोन, मॅडम बंपर गेलाय का दरवाजा?

आता इथे थांबून नीट समजून घ्या कारण मला स्वतःला हे कळायला वेळ लागला आणि हेल्पलाइनवर कुणालाच कळलं नाही. त्या मुलाने जो क्लेम नोंदवला तो ओडी क्लेम होता, म्हणजे माझ्या गाडीला त्या तारखेला अपघात झाला आणि मी माझ्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मागतेय असा. म्हणजे एकीकडे मी कोर्टात सांगणार की माझी गाडी तिथे नव्हतीच आणि दुसरीकडे माझ्याच कंपनीच्या सिस्टीममध्ये माझ्याच नावाने नोंद की त्याच तारखेला गाडीला अपघात झाला. हे समोरच्या वकिलाच्या हातात पडलं असतं तर? मला तर त्या रात्री झोप लागली नाही.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला हाफ डे टाकून ब्रँचला गेले. पहिला स्टार इथला. काउंटरवरचे दादा साधारण रिटायरमेंटला आलेले, त्यांनी नोटीस शांतपणे वाचली आणि म्हणाले मॅडम हे हेल्पलाइनचं कामच नाही, हे टीपी लीगलला जातं, ते ऑफिस वेगळं असतं. नोटिशीवर पोच देऊन शिक्का मारून दिला, स्कॅन करून माझ्यासमोर मेल केला आणि मला पॉलिसी वर्डिंगमधली अट दाखवली. त्यात लिहिलेलं असतं की अपघातासंबंधी कुठलंही पत्र, दावा, समन्स आलं की लगेच कंपनीला लेखी कळवायचं आणि कागद पाठवायचे. दुसरी अट त्याच्याखालीच, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याला काही कबूल करायचं नाही, काही देऊ करायचं नाही, वचन द्यायचं नाही. मी तर समोरच्या वकिलाचा नंबर नोटिशीवर बघून त्यांना फोन करून समजावून सांगणार होते! दादा म्हणाले अजिबात नको, जे बोलायचं ते कागदावर.

हा मुद्दा खूप जणांना माहीत नसतो. आपल्याला वाटतं आपली चूक नाही तर नोटिशीकडे दुर्लक्ष करू, जे होईल ते कंपनी बघेल. पण तारखेला हजर राहिलं नाही तर दावा एकतर्फी चालू शकतो, आणि थर्ड पार्टीच्या शारीरिक इजेला किंवा मृत्यूला कंपनीची जबाबदारी अमर्यादित असली (प्रॉपर्टीच्या नुकसानीला खासगी कारसाठी साडेसात लाखांपर्यंत) तरी पॉलिसीची अट मोडली असं ठरलं तर कंपनीने आधी पैसे भरून नंतर मालकाकडून वसूल करायचे अशीही ऑर्डर होते. लायसन्स नसलेला ड्रायव्हर वगैरे केसमध्ये होतं ते. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता पण धाक असतोच.

दुसरा स्टार टीपीच्या मॅडमचा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, एफआयआरची कॉपी बघितली का? नव्हती बघितली, दाव्यासोबतचा कागदांचा गठ्ठा मला मिळालाच नव्हता, नुसती नोटीस आलेली. त्या म्हणाल्या महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर दिसतात, पोलीस स्टेशन आणि तारखा टाकून शोधा, आम्हीही मागवतो. शोधलं तर खरंच मिळाला. पीडीएफ डाउनलोड केली आणि वाचता वाचता अक्षरशः ओरडले. एफआयआरमध्ये गाडी पांढऱ्या रंगाची, मोठी, डिकीवाली, आणि नंबर एमएच १४! बाकीची सिरीज आणि चारही आकडे तेच, फक्त १२ च्या जागी १४. म्हणजे गाडी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओची. पोलिसांनी सगळं बरोबर लिहिलेलं, दावा टाईप करणाऱ्याने १४ चं १२ केलं आणि मग त्याच चुकीच्या नंबरवरून आरटीओतून मालकाचं नाव पत्ता काढला, विमा कंपनी काढली, आणि सगळं इतकं नीट जुळलं की कुणाला शंकाच आली नाही. मला तेव्हा हेही कळलं की एवढ्या दिवसांत पोलीस माझ्याकडे एकदाही का आले नाहीत. त्यांना माझं काही कामच नव्हतं.

२०२२ च्या एप्रिलपासून असा दावा अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत लावायचं बंधन आलं, त्या घाईत झालं असेल. मी त्या टायपिस्टला फार दोष देत नाही. पण एफआयआर त्यांच्याच गठ्ठ्यात होता ना, एकदा शेजारी ठेवून वाचायचं तरी.

यानंतर मॅडमनी मागितलेले कागद: आरसी, लायसन्स, पॉलिसी, सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड, गेट पास, बिल, फास्टॅगचं स्टेटमेंट. फास्टॅगवर मला फार भरवसा होता कारण पुण्याहून त्या बाजूला जायचं तर पाटसचा टोल लागतो आणि माझ्या स्टेटमेंटमध्ये त्या दिवशी काहीच कापलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या जोडा, पण टोल कापला नाही म्हणजे गाडी गेलीच नाही असं होत नाही, आतल्या रस्त्यानेही जाता येतं, टॅग काढूनही ठेवता येतो. जॉब कार्ड मात्र भक्कम, कारण त्यावर गाडी आत येताना आणि बाहेर जाताना किलोमीटर लिहिलेले असतात आणि आमच्या कार्डावर फरक जेमतेम ट्रायल मारण्याइतका. सोसायटीचं सीसीटीव्ही केव्हाच ओव्हरराइट झालं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी जॉब कार्डची सही शिक्क्याची कॉपी द्यायला सुरुवातीला आढेवेढे घेतले, कोर्ट शब्द ऐकला की लोक मागे सरकतात, पण मॅनेजरला एफआयआर दाखवल्यावर दिली.

कंपनीने एक इन्व्हेस्टिगेटरही पाठवला. आले, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, बॉनेट उघडून चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, पुढचा बंपर कधी रंगवलाय का बघितलं, वॉचमनशी बोलले, अर्ध्या तासात गेले. माणूस सज्जन होता. पण आपल्याच पार्किंगमध्ये आपलीच गाडी कुणीतरी अशी संशयाने तपासतंय आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघतायत, तो प्रकार नकोसा होता.

कोर्टाचं थोडक्यात सांगते कारण ते खरं तर कंपनीच्या सर्व्हिसमध्ये धरता येत नाही. कंपनीच्या पॅनेलवरचे वकील होते, ते कंपनीसाठी. त्यांनी माझ्यासाठीही कैफियत (आपलं लेखी म्हणणं) दिली असती पण आमच्या ओळखीच्या वकील ताई म्हणाल्या मालक आणि कंपनीचं हित प्रत्येक वेळी एकच असतं असं नाही, स्वतःचं वकीलपत्र वेगळं घाल. घातलं, फी माझ्या खिशातून. कैफियतीसोबत एफआयआर, जॉब कार्ड आणि सामनेवाल्यांतून नाव वगळायचा अर्ज. तारखांवर तारखा पडल्या, एकदा समोरचे वकील नव्हते, एकदा आमचे पॅनेलवाले दुसऱ्या कोर्टात अडकले. ई-कोर्ट्सचं ॲप मात्र मस्त, नोटिशीवरचा सोळा अक्षरआकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख कळते, त्यामुळे कुणाला फोन करकरून विचारावं लागलं नाही. शेवटी समोरच्या वकिलांनी एफआयआर आणि दावा शेजारी ठेवून बघितला आणि स्वतःच पुरसिस म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन दिलं की सामनेवाले एक आणि दोनचं नाव कमी करावं, आणि खऱ्या गाडीच्या मालकाला आणतो म्हणून दुरुस्तीचा अर्ज केला. अर्जदार बाहेर बाकावर बसलेला, काठी घेऊन. वय असेल पंचविशीचं. त्याची आई मला म्हणाली ताई तुम्हाला उगाच त्रास झाला. मला काय बोलावं सुचेना. त्या पोराचे तर महिने वाया गेले होते या एका आकड्यापायी.

एवढ्यावर कंपनीला तीन स्टार दिले असते हो. पण आता ऐका एनसीबीचं.

रिन्यूअलची वेळ आली, ॲप उघडलं तर एनसीबी शून्य. प्रीमियम बघून चक्रावले, ओडीचा भाग सहा हजारांच्या आसपास असतो, त्यातले निम्मे जे कमी व्हायचे ते झालेच नाहीत, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. कारण काय तर "क्लेम टेकन इन करंट पॉलिसी: यस". तोच हेल्पलाइनवाल्या पोराने नोंदवलेला क्लेम! एक रुपया मिळालेला नाही, सर्व्हेअर आलेला नाही, गाडीला ओरखडा नाही, आणि सिस्टीममध्ये क्लेम जिवंत. मी म्हणलं माझा दावा टीपीचा होता, त्याचा एनसीबीशी संबंध काय, एनसीबी ओडीचा असतो. तर चॅटवाला म्हणे मॅम सिस्टीममध्ये ओडी दिसतोय.

मनात आलं सोडा हे, दुसऱ्या कंपनीत जाऊ. पण तसं करू नका, दुसरी कंपनी एनसीबी जुन्या कंपनीकडून कन्फर्म करून घेते आणि तिथे क्लेम दिसला की एनसीबी जातोच, आणि आपण "क्लेम नाही" असं डिक्लेअर करून पॉलिसी घेतली आणि उद्या खरंच अपघात झाला तर तेव्हा एनसीबी चुकीचा सांगितला म्हणून क्लेम अडकतो. म्हणजे चूक जिथे झाली तिथेच ती काढून घ्यावी लागते.

मग कंपनीने तोडगा काढला तो असा की तुम्ही एक विड्रॉवल लेटर सही करून द्या, "मी अमुक तारखेच्या अपघाताचा माझा क्लेम मागे घेत आहे", की आम्ही लगेच क्लोज करतो. एजंट, चॅट, हेल्पलाइन, सगळे एकच वाक्य, मॅडम नुसती फॉर्मॅलिटी आहे. फॉर्मॅलिटी कसली! त्या पत्रावर सही केली म्हणजे मी लिहून दिलं ना की अमुक तारखेला माझ्या गाडीला अपघात झाला होता आणि मी क्लेम केला होता. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा माझं नाव दाव्यातून अजून निघालेलं नव्हतं. वकील ताईंनी फोनवरच सांगितलं, हात तोडून घे पण यावर सही करू नकोस. मी कळवलं की क्लेम मी केलेलाच नाही तर मागे काय घेऊ, तुम्ही लेखी द्या की ही नोंद तुमच्या चुकीने झाली. यावर पुढे नुसती शांतता. "वी आर लुकिंग इंटू इट" असे मेल, प्रत्येक मेलवर वेगळ्या माणसाचं नाव.

कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला लेखी तक्रार केली, छापील उत्तर आलं. मग आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, बीमा भरोसा पोर्टलवर गेले. ही गोष्ट मनापासून सांगते, वापरा. मोबाइल नंबरने रजिस्टर करायचं, पॉलिसी नंबर, तक्रार, कागद अपलोड, टोकन नंबर मिळतो, फोनवर करायचं तर १५५२५५. तक्रार थेट कंपनीकडेच जाते पण आता वरून कुणीतरी बघतंय हे कंपनीला माहीत असतं आणि उत्तर द्यायला दोन आठवड्यांची मुदत असते. मी पोलीस स्टेशनचा एफआयआर, जॉब कार्ड आणि हेल्पलाइनचा तो मेसेज जोडला आणि स्पष्ट लिहिलं की कॉलचं रेकॉर्डिंग ऐका, मी पहिल्याच वाक्यात अपघात झालाच नाही असं सांगितलंय. मुदतीच्या आत पहिल्यांदाच एका जबाबदार माणसाचा फोन आला. मराठीत बोलले, आणि गाडी सर चालवत होते का असं न विचारता.

पुढची पायरी विमा लोकपाल होती, तीही बघून ठेवली होती. कंपनीकडे तक्रार करून महिना गेला किंवा उत्तराने समाधान झालं नाही तर जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या मागणीसाठी चालतं आणि लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. फक्त जे प्रकरण कोर्टात चालू आहे तेच घेऊन जाता येत नाही. म्हणजे धडक कुणी दिली हे त्यांना विचारता येणार नाही, पण एनसीबी का काढला हे विचारता आलं असतं. तिथपर्यंत वेळ आली नाही.

शेवटी पत्र मिळालं, कंपनीच्या लेटरहेडवर, क्लेम नंबर टाकून, "इनॲडव्हर्टंटली रजिस्टर्ड, स्टँड्स कॅन्सल्ड", आणि खाली एनसीबी ५० टक्के कन्फर्म. तोपर्यंत पॉलिसी संपत आलेली म्हणून मी पूर्ण प्रीमियम भरून टाकला होता (पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर एनसीबी तसाही जातो, आणि थर्ड पार्टीशिवाय गाडी रस्त्यावर काढणं गुन्हाच आहे, त्यामुळे भांडण चालू असलं तरी रिन्यूअल थांबवू नका). जादाचे पैसे परत आले, जीएसटीसकट. सॉरी वगैरे कुणी म्हणलं नाही. वकिलाची फी मागितली होती, त्यावर उत्तर नाही, येईल असं वाटतही नाही.

ही कंपनी घ्यावी का असं मला मैत्रिणी विचारतात. साधा बंपर-दरवाज्याचा क्लेम असेल तर बहुतेक चांगलीच असेल, माझ्या भावाचा कॅशलेस एका फोनवर झाला होता. पण नेहमीच्या चौकटीत न बसणारं काही झालं की फोनवरच्या माणसाला विचार करायची परवानगीच नाहीये असं वाटतं, त्याच्या स्क्रीनवर जेवढे रकाने तेवढंच त्याचं जग. प्रीमियम दुसऱ्यांपेक्षा चार-पाचशेने कमी आहे, तो का कमी आहे ते आता कळलं.

मी यंदा तिथेच रिन्यू केलंय, ते पत्र ताजं आहे तोवर एक वर्ष क्लेम-फ्री जाऊ दे, मग बघू. पत्राच्या आणि नाव वगळल्याच्या ऑर्डरच्या सर्टिफाइड कॉपीच्या दोन-दोन झेरॉक्स गाडीच्या फाइलमध्ये लावल्यात. आणि कुणाला अशी नोटीस आली असेल तर हेल्पलाइनला फोनच करू नका, टीपी लीगलचा ईमेल मागा. पॉलिसीवर तो छापलेला नसतो, ब्रँचमध्ये जाऊन घ्यावा लागतो, आणि दुपारी दीड ते अडीच तिथे कुणी भेटत नाही.